पहिल्यांदाच स्कीइंग, सोबत मुलं आणि आजी: जपानमधलं कुठलं ठिकाण निवडावं?

प्रश्न असा आहे: पुण्याचं पाच जणांचं कुटुंब. नवरा-बायको, १३ आणि ८ वर्षांची मुलं, ६६ वर्षांच्या आजी. स्कीइंग कुणीच केलेलं नाही. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. सहा-सात दिवस बर्फात आणि उरलेले टोकियोत घालवायचे आहेत. सुट्टी नाताळची किंवा फेब्रुवारीतली. सगळीकडे होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरच्या निसेकोचं नाव दिसतं, तर तेच बुक करावं का?

थोडक्यात उत्तर: निसेको नको. नाताळात जाणार असाल तर होक्काइदोमधलं तोमामु किंवा रुसुत्सु. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला जमत असेल तर नागानो प्रांतातलं हाकुबा, आणि हाकुबातही नेमकं त्सुगाइके किंवा गोर्यू.

निसेकोचं ठिकाण वाईट आहे म्हणून नव्हे. त्याची ख्याती ज्या गोष्टीसाठी आहे ती तुमच्या उपयोगाची नाही. हिवाळ्यात सायबेरियातून कोरडी, गोठलेली हवा निघते, जपानच्या समुद्रातल्या त्या मानाने उबदार पाण्यावरून येताना बाष्प शोषते, आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या डोंगरांना धडकली की ते सगळं बर्फ होऊन पडतं. निसेको अगदी त्या वाटेवर आहे. तिथे पडणारा बर्फ हलका, कोरडा आणि कमरेएवढा खोल असतो आणि मुरलेले स्कीयर त्याच्यासाठी जगभरातून येतात. नवशिक्याचं मात्र त्यात हाल होतात, कारण भुसभुशीत बर्फात स्की वळवणं म्हणजे वाळूत सायकल चालवणं. शिकायला लागतो यंत्राने दाबून सपाट केलेला, रुंद, मंद उतार, आणि तो जपानमध्ये डझनावारी ठिकाणी निम्म्या खर्चात मिळतो. निसेकोत अर्ध्या दिवसाच्या खासगी शिकवणीलाही ५० हजार येनच्या वर मोजावे लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत रात्रीच्या जेवणाचं टेबल आठवडे आधी धरून ठेवावं लागतं. आणि निसेकोतल्या हिराफू गावाचा रस्ता मुळातच उताराचा, त्यावर बर्फ गोठलेला, म्हणजे आजींना हॉटेलबाहेर पडणं मुश्किल. (एक येन सध्या साधारण ५५ ते ६० पैशांना पडतो, पुढचे आकडे त्या हिशोबाने वाचा.)

म्हणून ठिकाण निवडताना 'वर्षाला किती मीटर बर्फ पडतो' हा रकाना बाजूला ठेवा. तुमच्यासाठी तीन प्रश्न खरे: झोपायच्या खोलीपासून शिकायच्या उतारापर्यंत चालत किती मिनिटं, इंग्रजीत शिकवणारे मिळतात का, आणि स्कीइंग न करणाऱ्या माणसाने दिवसभर काय करायचं.

पहिला प्रश्न लोक हमखास हलक्यात घेतात. स्कीचा बूट म्हणजे घोट्यात न वाकणारं प्लास्टिकचं कवच. तो घालून गोठलेल्या रस्त्यावर दहा मिनिटं चालणं, खांद्यावर स्वतःच्या स्की, हातात आठ वर्षांच्या मुलाच्या स्की, आणि मुलाला मध्येच शू लागलेली. उतारावर पोचेपर्यंतच सगळे दमतात. बुकिंगच्या साइटवर 'हाकुबा' असं शोधलं तर वीसेक किलोमीटर लांबीच्या खोऱ्यातली सगळी घरं-हॉटेलं दिसतात आणि त्यातली बरीचशी लिफ्टपासून (डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांपासून) लांब, शटल बसच्या भरवशावर असतात. खाण्यापिण्याची दुकानं भरपूर म्हणून लोक एकोलँड भागात खोली घेतात. तिथून एकाही उतारावर सोयीने चालत जाता येत नाही. खोली घेण्याआधी नकाशावर लिफ्टचं ठिकाण शोधून अंतर स्वतः मोजा. पाच मिनिटांपेक्षा जास्त असेल तर दुसरी बघा.

हाकुबाचं खोरं १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमुळे प्रसिद्ध झालं. डाउनहिल शर्यती झाल्या त्या हाप्पो-ओने या डोंगरावर, आणि नवशिके नेमके तिथेच जातात, कारण नाव तेच ऐकलेलं असतं. हाप्पोच्या पायथ्याशी सोपे उतार आहेत, पण वरचा डोंगर तीव्र आहे, आणि चुकून वरच्या लिफ्टवर चढलात तर खाली येताना रडकुंडीला याल. त्सुगाइके याच्या उलट आहे. पायथ्यालगतचा 'काने नो नारु ओका' हा भाग इतका रुंद आणि मंद आहे की पडायला, उठायला आणि मोठी वळणं घ्यायला भरपूर जागा मिळते. पहिल्या तीन दिवसांत जे शिकायचं ते सगळं तिथे होतं. त्सुगाइकेचा तोटा एकच, संध्याकाळनंतर तिथे फारसं काही नाही. गोर्यूमध्ये तोओमी बाजूच्या पायथ्याला एस्काल प्लाझा नावाची मोठी इमारत आहे: तिकीट, भाड्याचं सामान, लॉकर, खाणं आणि लहान मुलांना खेळायची जागा, सगळं एका छताखाली. आजींना उबेत बसून काचेतून नातवंडांची पडझड बघता येईल. दोन्हींतून एक निवडायचं तर तुमच्या कुटुंबाला मी गोर्यू सुचवेन.

पोचणं सरळ आहे. टोकियो ते नागानो होकुरिकु शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ८० ते १०० मिनिटं, भाडं मोठ्या माणसाला एका बाजूचं ८ हजार येनच्या वर, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना निम्मं. नागानो स्टेशनच्या पूर्वेकडच्या दाराबाहेरून हाकुबाची बस मिळते, साधारण सव्वा तास. फक्त एवढ्याच प्रवासासाठी जपान रेल पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास ५० हजार येन झाला आणि नागानोची जाऊन-येऊन तिकिटं त्याच्या जवळपासही जात नाहीत.

आता सुट्टीचा प्रश्न. नाताळात हॉन्शू बेटावरच्या, म्हणजे मुख्य बेटावरच्या, कमी उंचीच्या ठिकाणी बर्फ पुरेसा साठलेला असेलच याची खात्री नसते. वरचे उतार चालू असतात, पायथ्याचे नवशिक्यांचे उतार मात्र बंद किंवा गवत डोकावणारे, म्हणजे तुम्हाला हवं तेच नसतं. होक्काइदोत तोपर्यंत थंडी चांगली बसलेली असते, म्हणून डिसेंबरसाठी तिकडे जायचं. हॉन्शूवरच राहायचं असेल तर शिगा कोगेन हा डिसेंबरातला त्यातल्या त्यात भरवशाचा पर्याय आहे. तिथली सगळ्यात उंच लिफ्ट योकोतेयामावर २३०७ मीटरला जाते. पण तिथे गाव असं नाही, रस्त्यालगत सुटी-सुटी हॉटेलं आहेत. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी जपानची स्वतःची नववर्षाची सुट्टी असते. तेव्हाचे दर वर्षातले सगळ्यात चढे असतात. शाळा सुटल्याबरोबर निघून २८ तारखेपर्यंत डोंगरातून बाहेर पडता आलं तर पैसे वाचतात. फेब्रुवारीत ११ आणि २३ या जपानी सुट्ट्यांना लागून शनिवार-रविवार आले की लिफ्टला रांगा लागतात, आणि चिनी नववर्षाच्या आठवड्यात होक्काइदो ओसंडून वाहतं. मुलांच्या परीक्षा आड येत नसतील तर नवशिक्यांसाठी मार्चचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला, असं माझं मत आहे: बर्फ भरपूर साठलेला, ऊन, दिवस मोठा, गर्दी कमी. जानेवारीतल्या उणे दहा अंशांत, वाऱ्यात लिफ्टवर बसलेलं मूल दुसऱ्या दिवशी परत यायला तयार होत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीतच जमणार असेल तर स्कीइंग सोडून द्या. तातेयामा कुरोबे हा डोंगरी मार्ग एप्रिलच्या मध्याला उघडतो. २४५० मीटरवरच्या मुरोदोजवळ बर्फ कापून काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसपेक्षा कितीतरी उंच भिंती उभ्या असतात. बर्फ बघण्याची हौस त्यात भागते.

होक्काइदोत तोमामु आणि रुसुत्सु, दोन्हींचा फायदा सारखाच: हॉटेलच्या दारातून थेट उतारावर. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून होक्काइदोच्या शिन-चितोसे विमानतळाला विमानाने दीड तास. रुसुत्सु तिथून बसने दोन तासांच्या आत. तोमामुला तर रेल्वे स्टेशनच आहे. विमानतळावरून मिनामी-चितोसेला एक स्टेशन, तिथून एक्सप्रेसने तासाभरात तोमामु, आणि स्टेशनवर हॉटेलची बस. तोमामुत लाटांचा मोठा बंदिस्त तरणतलाव आहे आणि बर्फाची इग्लूसारखी घरं असलेलं आइस व्हिलेज भरतं, त्यामुळे स्कीइंगचा कंटाळा आला तरी दिवस फुकट जात नाही. तिथल्याच क्लब मेड या रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये राहणं, तिन्ही वेळचं बुफे जेवण, लिफ्टचा पास आणि सामूहिक शिकवणी धरलेली असते. स्की-बुटांचं भाडं वेगळं. आकडा पहिल्यांदा बघितला की डोळे पांढरे होतात, पण पाच जणांची शिकवणी, पास आणि जेवण सुटं जोडून बघा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. बुफेत शाकाहारी माणसाची सोयही बरी होते. रुसुत्सुला तीन डोंगर आणि ३७ उतार आहेत, म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा भराभर शिकला तर त्याला पुढे जायला वाव आहे.

फुरानो स्वस्त आणि सुंदर, पण आतल्या भागात असल्याने रात्रीचा पारा उणे पंधराच्या खाली सहज जातो. लहान मुलांना घेऊन पहिल्या वेळी नको.

नोझावा ओन्सेनचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. गाव म्हणून ते हाकुबापेक्षा कितीतरी जिवंत आहे. गावकऱ्यांनी चालवलेली १३ सार्वजनिक स्नानगृहं, गरम झऱ्याच्या कुंडात भाज्या उकडणाऱ्या बायका, १५ जानेवारीचा दोसोजिन अग्नी उत्सव. इइयामा स्टेशनवरून बसने २५ मिनिटं. पण गल्ल्या चढ-उताराच्या आणि निसरड्या आहेत, आणि नवशिक्यांच्या चांगल्या उतारांपैकी बरेच वर, गोंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) जाऊन गाठायचे आहेत. आजी सोबत नसत्या तर विचार करायला हरकत नव्हती. गाला युझावा हा वेगळाच प्रकार: शिनकान्सेनचं स्टेशन म्हणजेच स्की सेंटर, टोकियोपासून सव्वा तासावर. एका दिवसात बर्फात खेळून परत यायचं असेल तर उत्तम, आठवडा काढायला नाही. शनिवार-रविवारी तिथे जाऊ नका, उतारावर माणसं जास्त आणि बर्फ कमी दिसतो.

जपानच्या ठिकाणांची एक गोष्ट गुलमर्गला जाऊन आलेल्यांच्या लक्षात येत नाही. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा ३९०० मीटरच्या पुढे नेतो. तिथे वयस्कर माणसाला धाप लागते. निसेकोचा आख्खा डोंगरच १३०८ मीटरचा आहे, हाप्पोच्या वरच्या लिफ्ट १८०० मीटरच्या आसपास थांबतात. विरळ हवेचा त्रास आजींना इथे होणार नाही. त्यांना जपायचं ते घसरून पडण्यापासून. बुटांना खालून चढवायचे रबरी काटे मिळतात, पोचल्याबरोबर पहिल्या दुकानात ते घ्या. नागानोतल्या माकडांच्या बागेत, जिगोकुदानीला, जायचं ठरवलं तर नेहमीच्या वाटेवर जंगलातून सुमारे १.६ किलोमीटर चालावं लागतं आणि वाट बर्फाने गोठलेली असते. त्यापेक्षा आजींना एक दिवस नागानो शहरात झेनकोजी मंदिराला न्या, तिथला चढ अगदी सौम्य आहे.

सामान भाड्याने घ्या, विकत घेऊ नका. स्की, बूट आणि काठ्या मिळून दिवसाला ५ ते ७ हजार येन, जॅकेट-पँट ४-५ हजार, जास्त दिवसांना दर उतरतो. हातमोजे, गॉगल आणि कानटोपी बऱ्याच दुकानांत भाड्याने मिळत नाही, ती आपली आपण न्यायची. गॉगलची काच फिकट रंगाची घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत आकाश ढगाळ असतं आणि गडद काचेतून उताराचे उंचवटे दिसतच नाहीत. चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल येतो, तोच मागा. अंगालगत सुती काही नको, घाम सुती कपड्यात मुरतो आणि लिफ्टवर बसलं की तोच गारठवतो. सिंथेटिक किंवा लोकरी थर्मल, वर फ्लीस, वर जॅकेट, एवढं पुरतं.

बूट आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा, सकाळी नऊला दुकानात झुंबड असते. घरूनच प्रत्येकाच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून, उंची आणि वजन लिहून न्या. त्या आकड्यांवरून दुकानदार बाइंडिंग लावतो, म्हणजे पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराने सुटावा ते ठरवतो. लाजेखातर वजन कमी सांगितलं तर स्की उगाच निसटत राहते. जास्त सांगितलं तर ती सुटायच्या वेळी सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. बुटात एकच लांब मोजा, पातळसर. थर्मलची किंवा पँटची कड बुटाच्या आत गेली की दोन तासांत नडगीवर वळ उठतो. बूट बरोबर बसला असेल तर सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात. टाच उचलली जात असेल तर एक माप लहान मागा. जवळजवळ सगळे नवशिके सैल बूट घेतात, कारण दुकानात तो आरामाचा वाटतो. उतारावर मात्र पाय आतल्या आत फिरतो आणि स्की ऐकत नाही.

मुलांना स्नोबोर्ड नको, स्कीच. तेरा वर्षांचा हट्ट करेल, पण बोर्डवर पहिले दोन दिवस बसकण मारण्यात आणि मनगटं सांभाळण्यात जातात.

शिकवणी तीन सकाळी सलग घ्या. आई-वडिलांनी स्वतः मुलांना शिकवायचा प्रश्नच येत नाही, कारण तुम्हालाही येत नाही. मुलांना त्यांच्या वयाच्या इंग्रजी गटात टाका आणि तुम्ही दोघं मोठ्यांच्या गटात. सगळ्यांनी मिळून एक खासगी शिक्षक घेतला तर आठ वर्षांचं मूल अडकलं की सगळे थांबतात. इंग्रजी गट लवकर भरतात, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच ते बुक करा. पहिल्या दिवशी अख्ख्या डोंगराचा पास काढू नका. निसेकोच्या चारही भागांचा दिवसाचा पास १० हजार येनच्या आसपास किंवा वर गेलाय आणि हाकुबाच्या खोऱ्याचा पासही त्याच घरात आहे. तुम्ही पहिल्या सकाळी सरकत्या पट्ट्यावर आणि एखाद्या लिफ्टवर असणार. शिकवणीवाल्यांना विचारा की कुठलं तिकीट लागेल. अर्ध्या दिवसाचं किंवा फक्त खालच्या लिफ्टचं तिकीट बऱ्याच ठिकाणी असतं. पासाचं कार्ड डाव्या खिशात ठेवा, फोनपासून लांब, म्हणजे फाटकाचं यंत्र ते वाचतं. काही ठिकाणी परत दिल्यावर अनामत मिळते, म्हणून कार्डं हरवू नका.

नकाशावर जपानमध्ये हिरवा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे कठीण. वरच्या लिफ्ट दुपारी तीन-साडेतीनलाच बंद व्हायला लागतात. दोरी बांधलेल्या भागात जायचं नाही, कुणी गेलेलं दिसलं तरी नाही. झाडांच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळ खड्डे असतात, त्यात माणूस डोकं खाली करून अडकतो. शिवाय हद्दीबाहेरून सोडवून आणण्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करतात. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, हिवाळी खेळांची पुरवणी लेखी घ्या.

जेवणाचं संकट खरं आहे. भाजी दिसली म्हणजे पदार्थ शाकाहारी असं धरू नका: मिसो सूप, उदोन-सोबाचा रस्सा, तेंपुराची चटणी, सगळ्यांत बहुधा 'दाशी' नावाचा अर्क असतो आणि तो बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचा. उतारावरच्या कँटीनमधल्या करी-राइसच्या रश्शात मांस बहुधा असतंच, तुकडे बाजूला काढून उपयोग नाही. 'निकु तो साकाना तो दाशी वा ताबेमासेन' (मांस, मासे, दाशी खात नाही) हे जपानीत लिहून घेतलेलं कार्ड फोनमध्ये ठेवा. हाकुबात जेवणासकट र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी सराय, घेण्यापेक्षा ओटा आणि मायक्रोवेव्ह असलेलं अपार्टमेंट घ्या. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत होणाऱ्या शिजवलेल्या भाताची पाकिटं प्रत्येक सुपरमार्केटमध्ये मिळतात. वर घरून नेलेलं मेतकूट, तूप, लोणचं आणि तयार आमटीची पाकिटं. थेपले-दशम्या दुपारसाठी जॅकेटच्या खिशात. ताज्या भाज्या, फळं, कढीपत्ता आणि कुठलाही मांसाचा पदार्थ मात्र बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतात.

गरम झऱ्याच्या स्नानाला सगळे कपडे उतरवूनच जावं लागतं, पोहण्याचा पोशाख चालत नाही. संकोच वाटत असेल तर 'काशिकिरि', म्हणजे तासाभरासाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारी खोली, आहे का ते हॉटेलला आधी विचारा. आजींच्या गुडघ्यांना याचा उपयोग लिफ्टच्या पासापेक्षा जास्त होईल.

मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलवरून 'ताक्क्युबिन' या कुरियरने पाठवा. काउंटरवर पत्ता दिला की एक-दोन दिवसांत त्या हाकुबाच्या दारात पोचतात, बर्फाने कधी एखादा दिवस उशीर होतो, म्हणून पहिल्या दिवसाचे गरम कपडे हातातल्या बॅगेत असू द्या. परतीला डोंगरातून थेट विमानतळ गाठायचा बेत करू नका, विशेषतः होक्काइदोतून. शिन-चितोसेला बर्फवृष्टीत विमानं रद्द होतात. मायदेशीच्या विमानाआधी टोकियोत किमान एक रात्र ठेवा, तुमचे टोकियोचे दिवस शेवटीच घ्या. आणि ई-व्हिसा काढला असेल तर जपानी अधिकाऱ्यांना तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून त्यांच्या साइटवरूनच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील कागद चालत नाही, म्हणून उतरायच्या आधी पाचही जणांचे दुवे एका चालू सिमकार्डच्या फोनवर तयार ठेवा.